हलका हात हरवू नये म्हणून

नवं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घरी आलं की पहिले काही दिवस मजेत जातात. कानाला हेडफोन, खोलीचं दार लावलेलं, शेजारीपाजारी शांत. मग एकेक तक्रार डोकं वर काढते. स्नेअरवर हलक्या हाताने मारलेले ठोके ऐकूच येत नाहीत. किंवा याच्या उलट, हळू मारा नाहीतर जोरात मारा, आवाज एकाच वजनाचा येतो. टॉमवर एकदा मारलं की दोनदा वाजतं. किक दाबली की भलतंच क्रॅश वाजून जातं. रोल घ्यायला जावं तर मधलेच ठोके गळतात. मुलगा म्हणतो किट खराब आहे, वडील म्हणतात अजून हात बसलेला नाही, दुकानदार म्हणतो वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं. बहुतेक वेळा तिघांचंही चुकलेलं असतं. दुखणं असतं किटच्या मॉड्यूलमधल्या, म्हणजे ठोक्यांचा आवाज काढणाऱ्या पेटीतल्या, एका मेन्यूत, जिथे घरातलं कोणी कधी शिरलेलंच नसतं. त्या मेन्यूचं नाव ट्रिगर.

मेशच्या, म्हणजे जाळीच्या, पॅडची ट्रिगर सेटिंग हा विषय तांत्रिक आणि किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही, हे मला या लेखात सांगायचं आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रममधून संगीत निघणार की नुसते ठोके, हे किटच्या किमतीपेक्षा या सेटिंगवर जास्त ठरतं, असं माझं मत आहे. ते मत का झालं, ते आता सांगतो.

ड्रम म्हणजे जोर, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. वराती, मिरवणुका, टीव्हीवरचे झगमगते कार्यक्रम यांनी तो आणखी घट्ट केला. पण चांगल्या ड्रमरचं कसब दोन मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागेत असतं. 'टोटो' या अमेरिकन बँडचं 1982 सालचं 'रोझाना' ऐका. त्यात जेफ पोर्कारोने वाजवलेला हाफ-टाइम शफल जगभरचे ड्रमर आजही घासून शिकतात. बर्नार्ड पर्डीचा शफल आणि लेड झेपलिनच्या जॉन बोनहॅमचं वाजवणं यांतून आपण तो उचलला, असं पोर्कारोने स्वतः सांगितलं आहे. या ठेक्यात स्नेअरचा भारी ठोका ठरावीक जागीच पडतो. पण त्याच्या अलीकडे-पलीकडे डावा हात सतत बारीक ठोके पेरत असतो. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. स्टिक कातड्यापासून जेमतेम बोटभर उचललेली असते. हे ठोके वेगळे काढून ऐकवले तर कुणाचं लक्षही जाणार नाही, पण ते काढून टाकले की ठेका लंगडा होतो. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये क्लाइड स्टबलफील्डने जे केलं तेही याच बारीक कामाच्या जोरावर. तबला ऐकणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको. ठेका भरलेला वाटतो तो मधल्या हलक्या बोलांमुळे.

आता हाच डावा हात मेशच्या पॅडवर आणा. सेटिंग चुकलेली असेल तर पहिला बळी या बारीक ठोक्यांचा जातो. वाजवणाऱ्याने मारलेले असतात, मॉड्यूलने ऐकलेले नसतात. किंवा ऐकून भारी ठोक्याइतकेच मोठे केलेले असतात. दोन्हीत नुकसान सारखंच.

पॅड ऐकतं कसं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. जाळीच्या खाली, बहुतेक पॅडांत बरोबर मध्यभागी, फोमचा एक शंकू असतो आणि शंकूखाली पिएझोची चकती. पितळेचा पातळ गोल पत्रा, त्यावर सिरॅमिकचा पांढुरका थर, दोन वायरी. व्यास बहुधा 27 किंवा 35 मिलिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ही चकती सहज मिळते. तीच बझरमध्येही वापरतात. ठरावीक स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार तयार होतो, हे पियेर आणि झाक या क्युरी बंधूंनी 1880 साली पॅरिसमध्ये दाखवलं. त्याच गुणावर हा सगळा कारभार उभा आहे. स्टिक जाळीवर पडते, जाळी शंकू दाबते, शंकू चकती दाबतो, चकतीतून विजेची एक लाट निघते. लाट जितकी उंच, तितका ठोका जोराचा, असं मॉड्यूल मानतं. मग त्या उंचीचा एक आकडा करतं. 1983 साली बाजारात आलेल्या मिडी पद्धतीत हा आकडा 1 ते 127 मध्ये बसवावा लागतो. तुमच्या हाताची सगळी नजाकत, पंखागत टेकवलेल्या स्टिकपासून खांद्यातून आलेल्या घावापर्यंत, या 127 पायऱ्यांवर वाटायची आहे. ट्रिगर सेटिंग म्हणजे ही वाटणी.

रिमसाठी बऱ्याच पॅडांत दुसरी चकती असते. दोन्हींचे सिग्नल एकाच स्टिरिओ केबलमधून जातात. म्हणून घाईत गिटारची साधी मोनो केबल लावली तर रिम मुका होतो आणि माणूस मेन्यूत तासभर हरवतो. मुंबईतले एक दुरुस्ती करणारे गृहस्थ, ज्यांच्या बाकड्यावर कायम दोन-चार पॅडं उघडी पडलेली असतात, कुठल्याही तक्रारीवर आधी केबल बदलून पाहतात. मग जॅक पुसतात. समुद्राकाठच्या दमट हवेत जॅकच्या पितळेवर काळपट थर धरतो आणि सिग्नल अडखळतो. मेन्यूला हात त्यानंतर. हा क्रम मला फार पटला.

जाळी आली कशी तेही पाहायला हवं, कारण आजच्या निम्म्या कटकटी तिच्यातूनच येतात. 1981 साली इंग्लंडमध्ये डेव्ह सिमन्सच्या कंपनीने एसडीएस-5 हे किट काढलं. षटकोनी पॅडं, ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीताच्या व्हिडिओंत हमखास दिसणारी. त्यांचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे दंगलीत पोलिसांच्या हातातली पारदर्शक ढाल ज्याची असते त्या प्लास्टिकचा. स्टिकचा सगळा धक्का उलटा मनगटात. ड्रमरांची मनगटं आणि कोपरं दुखू लागली आणि पुढच्या मॉडेलांत पृष्ठभाग मऊ करावा लागला. मग रबराचं युग आलं. 1997 साली जपानच्या रोलँड कंपनीने, ड्रमची कातडी बनवणाऱ्या रेमो या अमेरिकन कंपनीच्या मदतीने, टीडी-10 या व्ही-ड्रम्स किटवर विणलेली दुपदरी जाळी बसवली. हवा तिच्यातून आरपार जाते, म्हणून आवाज अगदी कमी. शिवाय खऱ्या ड्रमसारखी ती चावीने ताणता येते. पुढच्या वीस वर्षांत ही जाळी स्वस्त किटांपर्यंत उतरली आणि आज आपल्या उपनगरांतल्या फ्लॅटांत घोडबंदर रोडपासून हडपसरपर्यंत ती दिसते.

पण कडक पॅड मार खाऊन गप्प बसतं, जाळी बसत नाही. ठोका पडून गेल्यावरही ती खालीवर होत राहते आणि प्रत्येक हेलकाव्यात चकतीला थोडी थोडी दाबते. मॉड्यूलपुढे प्रश्न पडतो की ही दुसरी लाट म्हणजे नवा ठोका की जुन्याचीच थरथर? मेन्यूतले अर्धे पर्याय या एकाच प्रश्नासाठी आहेत.

म्हणून मेन्यू उघडण्याआधी जाळीचा ताण. इथे तबल्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तबलजी गट्ट्यांवर आणि गजऱ्यावर हातोडी फिरवतो तेव्हा त्याला सोळाही घरं एका सुरात आणायची असतात. शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर सुरेल कसे होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. जाळीला सूर नाही. ती सैल असो की घट्ट, मॉड्यूलमधून निघणाऱ्या टॉमचा स्वर बदलत नाही. पण सगळ्या घरांत सारखा ताण ही गरज तीच आहे. कारण एका बाजूला सैल असलेली जाळी तिरकी हलते, आणि शंकूपर्यंत पोचणारा दाब ठोका कुठे पडला त्याप्रमाणे बदलत जातो. सगळे बोल्ट आधी बोटांनी घट्ट करा. मग ड्रमच्या चावीने एक बोल्ट, नंतर त्याच्या बरोबर समोरचा, असं आडव्या-उभ्या क्रमाने, एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून जास्त नाही. प्रत्येक बोल्टजवळ अंगठ्याने दाबून सारखेपणा पाहा. जाळी फार सैल असेल तर स्टिक शंकूपर्यंत खोल जाते, मध्यभागी मारलेला ठोका अवाजवी मोठा येतो आणि एकाचे दोन वाजतात. फार घट्ट असेल तर स्टिक खऱ्या कातड्यापेक्षा जास्त उसळते. मग हाताला फुकटच्या उसळीची सवय लागते आणि खऱ्या ड्रमवर डबल स्ट्रोक कोलमडतात. माझ्या मते स्नेअर बऱ्यापैकी कडक ठेवावा, टॉम त्याहून किंचित मऊ. शंकाच असेल तर कडक बाजूला झुका, कारण सैल जाळीने तयार केलेला घोळ कुठलीही सेटिंग पुरता निस्तरू शकत नाही.

ताण बसला की मॉड्यूलला आपलं पॅड कोणतं ते सांगायचं. बहुतेक मॉड्यूलांत पॅडच्या प्रकारांची यादी असते. रबराच्या पॅडची निवड तशीच राहिली आणि जागेवर मेश लावली, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता सेन्सिटिव्हिटी. या शब्दाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे, कारण लोक तिला आवाजाचं बटण समजतात. आवाज वाढवायला वेगळं बटण आहे. किती जोराच्या ठोक्याला 127 द्यायचे, हे सेन्सिटिव्हिटी ठरवते. रोलँडच्या मॉड्यूलांत ती 1 ते 32 अशी मोजतात. इतर कंपन्यांचे आकडे आणि नावं थोडी वेगळी, तत्त्व तेच. आकडा वाढवला की तेवढ्याच ठोक्याला मोठा आकडा मिळतो. ऐकायला छान वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. मध्यम ठोक्यालाच 127 मिळाले तर त्याच्या वरचा सगळा जोर वाया गेला. त्यापुढे कितीही मारा, मॉड्यूलला आणखी मोठं काही म्हणताच येत नाही. शिवाय चांगल्या मॉड्यूलांत आणि सॉफ्टवेअरांत एकाच स्नेअरचे निरनिराळ्या जोराचे आवाज रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. सगळे ठोके शेवटच्या पायरीवर अडकले तर त्यांतला एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो. ड्रमर याला मशीनगन म्हणतात, आणि ज्याने एकदा ऐकलं त्याच्या कानातून ते जात नाही.

बरोबर जागा शोधायची पद्धत सोपी आहे. बऱ्याच मॉड्यूलांच्या पडद्यावर ठोक्याची उंची दाखवणारी पट्टी किंवा आकडा असतो. नसेल तर यूएसबीने संगणकाला जोडा. रेकॉर्डिंगच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोक्याचा आकडा दिसतो. गाण्यात खरोखर जो सर्वांत मोठा ठोका तुम्ही मारता तो मारा. रागाने मारलेला नव्हे, गाण्यातला. तो 127 ला जेमतेम टेकला पाहिजे. नेहमीचा भरीव बॅकबीट शंभराच्या आगेमागे यावा. घोस्ट नोट विशी-तिशीत खेळाव्यात. मग 'रोझाना'सारखा एखादा ठेका पाच मिनिटं सलग वाजवा आणि आकडे पाहा. विशी-तिशी आणि शंभरी यांच्यामध्ये रिकामी जागा दिसली, म्हणजे बारीक ठोके आणि भारी ठोके वेगळे राहिले, तर सेन्सिटिव्हिटी बसली. सगळे आकडे एकाच गठ्ठ्यात आले तर नाही बसली. कान आणि डोळे दोन्ही वापरा. हेडफोनमधला आवाज वाढवलेला असला की कान फसतो, आकडा फसत नाही.

ही सेटिंग कुणाच्या हातासाठी, हा प्रश्न शिकवण्या घेणाऱ्यांना रोज पडतो. पुण्यातल्या एका क्लासमध्ये दहा वर्षांची मुलगी आणि कॉलेजातला दांडगा मुलगा पाठोपाठ एकाच किटवर बसताना मी पाहिले. मुलीसाठी सेन्सिटिव्हिटी वाढवावी तर मुलाचा प्रत्येक ठोका छताला जाऊन भिडतो. मुलासाठी कमी करावी तर मुलीला खांद्यातून मारावं लागतं. तिथल्या सरांनी मॉड्यूलमध्ये दोन वेगळ्या सेटिंग जपून ठेवल्या आहेत आणि विद्यार्थी बदलला की ते सेटिंग बदलतात. त्यांना काळजी आहे ती निराळीच. सेन्सिटिव्हिटी चढवून ठेवलेल्या किटवर वर्षभर वाजवलेलं मूल गॅदरिंगच्या स्टेजवर खऱ्या ड्रमसमोर बसतं, तेव्हा त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही. आणि उतरवून ठेवलेल्या किटवर शिकलेलं मूल मनगट ताठ करून मारायला शिकतं. ती सवय काढायला मग वर्षं जातात, कधी डॉक्टरकडेही जावं लागतं. सेटिंगने हात घडतो, बिघडतोही.

आपल्या ऑर्केस्ट्रांतून मेशकडे आलेल्या वादकांचं दुखणं वेगळं. महाराष्ट्रात 'ऑक्टोपॅड' हा शब्द घराघरांत माहीत आहे. रोलँडचं पहिलं ऑक्टापॅड 1985 चं, आणि 1998 च्या एसपीडी-20 ने तर गणपतीच्या कार्यक्रमांपासून लावणीच्या फडांपर्यंत जागा पटकावली. आठ रबरी चौकोन, अरुंद जागा, ढोलकीपासून तबल्यापर्यंतचे आवाज स्टिकने काढायचे. त्या रबरावर वाढलेला हात मनगटातून तोडून मारणारा, नेमका आणि कडक. तोच हात मेशवर आला की मधोमध, थेट शंकूच्या डोक्यावर, ठोके घालतो. तिथे पॅड सर्वांत संवेदनशील असतं आणि आकडे भडकतात. अशा वादकाने सेन्सिटिव्हिटी खाली आणावी हे एक. दुसरं आणि जास्त उपयोगाचं म्हणजे मध्यापासून दोन-तीन बोटं सरकून वाजवावं. काही कंपन्या चकती मधोमध न ठेवता कडेला बसवतात ती हाच तापलेला मध्य टाळण्यासाठी.

सेन्सिटिव्हिटीनंतर थ्रेशोल्ड. याच्याखालचं काही ऐकू नको, असं मॉड्यूलला सांगणारी ही रेघ. स्टँडला धक्का लागला, शेजारच्या खोलीत कोणी धपकन बसलं, तर ते वाजू नये म्हणून ती असते. पण तिला स्टँडचा धक्का आणि तुमची घोस्ट नोट यांतला फरक कळत नाही. दोन्ही लहान, दोन्ही बाद. थ्रेशोल्ड शून्यावर आणा, स्टँडवर हळूच थापट्या मारा, पाय आपटा, आणि खोटे आवाज थांबेपर्यंतच एकेक आकडा वर न्या. थांबले की तिथेच राहा. सुरक्षित म्हणून आणखी दोन-तीन आकडे चढवणारे पुष्कळ आहेत. ते दोन-तीन आकडे डाव्या हाताच्या खात्यातून जातात. मला विचाराल तर क्वचित एखादा खोटा आवाज चालेल, पण हलका हात गिळणारा थ्रेशोल्ड नको.

कर्व्हबद्दल थोडक्यात. ठोक्याचा जोर आणि आकडा यांचं नातं सरळ रेषेत ठेवायचं की वाकवायचं, हे तो ठरवतो. रोलँडच्या यादीत लिनिअर, एक्स्प, लॉग, स्प्लाइन, लाउड असे प्रकार आहेत. लॉगमध्ये हळू वाजवण्यातला बारीक फरक मोठा होऊन दिसतो, एक्स्पमध्ये जोराच्या ठोक्यांतला. लाउडमध्ये जवळजवळ सगळंच मोठं. धो धो चालणाऱ्या स्टेजवर लाउडचा उपयोग आहे. घरी, सरावाला, तो लावू नये, कारण त्यात हाताचा खोटेपणा झाकला जातो. सुरुवात लिनिअरने करा. सेन्सिटिव्हिटी नीट बसूनही घोस्ट नोट दबल्यासारख्या वाटल्या तरच लॉगकडे वळा.

राहिले वेळेचे हिशेब, आणि हे मला फार आवडतात, कारण इथे तंत्र थेट तालाला भिडतं. लाटेचं टोक सापडेपर्यंत मॉड्यूल किती थांबतं तो स्कॅन टाइम, रोलँडमध्ये 0 ते 4 मिलिसेकंद. कमी थांबलं तर टोक हुकतं आणि सारख्याच ठोक्यांना वेगवेगळे आकडे मिळतात. जास्त थांबलं तर आवाज उशिरा येतो. पण एक-दोन मिलिसेकंदांनी घाबरू नये. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. खऱ्या स्नेअरपासून तुमचा कान अर्ध्या मीटरहून लांब असतो, म्हणजे तिथेही दीड-दोन मिलिसेकंद जातातच.

मास्क टाइम म्हणजे एक ठोका ऐकल्यावर मॉड्यूलने कान झाकून घ्यायचा काळ. जाळीची थरथर दुसरा ठोका म्हणून वाजू नये म्हणून तो हवा. रोलँडमध्ये तो 64 मिलिसेकंदांपर्यंत नेता येतो. आता हिशेब करा. मिनिटाला 120 च्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. तिचे आठ भाग केले तर प्रत्येक ठोका 62.5 मिलिसेकंदांवर येतो. मास्क टाइम पूर्ण वर नेला तर या लयीतला रोलसुद्धा अर्धा गिळला जाईल, आणि फ्लॅम, ज्यात दोन हात एकमेकांच्या पाठोपाठ काही मिलिसेकंदांत पडतात, तो तर एकच ठोका होऊन बसेल. म्हणून स्नेअरचा मास्क टाइम जितका कमी चालेल तितका कमी ठेवा. किकची गोष्ट वेगळी. किकचा बीटर जाळीत रुतवून ठेवायची सवय अनेकांना असते. तो तिथे थरथरतो आणि एकाचे दोन वाजतात. डबल पेडल वापरत नसाल तर किकचा मास्क टाइम थोडा वाढवायला हरकत नाही, कारण एका पायाला एवढ्या वेगाने परत यायचं नसतं. रीट्रिगर कॅन्सल हाही याच घरातला. तो फार वाढवला की वेगवान रोलमधले ठोके गळतात, असा इशारा कंपनीच्या पुस्तिकेतच असतो. हाय-हॅटच्या पेडलचं कॅलिब्रेशन हा स्वतंत्र विषय आहे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते एकदा करून घ्यावं, एवढंच इथे.

क्रॉसटॉकचा त्रास सगळी पॅडं एकाच रॅकवर टांगलेली असल्यामुळे होतो. एका टॉमचा धक्का नळ्यांतून दुसऱ्या पॅडला पोचतो. क्रॉसटॉक कॅन्सल वाढवला की मॉड्यूल मोठ्या ठोक्याच्या क्षणी दुसऱ्या पॅडवरचा छोटा ठोका खोटा समजून टाकून देतं. पण समजा, उजव्या हाताने क्रॅशवर जोरात आणि त्याच क्षणी डाव्या हाताने स्नेअरवर हलकं मारलं, तर तो हलका ठोका खरा होता. तोही गेला. म्हणून आधी पान्याने क्लॅम्प कसा, एकमेकांना टेकलेली पॅडं सरकवा, किकचं पॅड रॅकपासून वेगळं करा, खाली जाड गालिचा घाला. उरलं तरच मेन्यू. गालिचाचा दुसरा फायदा खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला. मेशचा हवेतला आवाज नगण्य असतो, पण किकचा धपका स्लॅबमधून खाली जातो आणि रात्री निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा आपल्या नियमांत आहे.

स्टेजवर सगळं गणित फिरतं. गणपतीत किंवा नवरात्रात मंडपात किटच्या पाठीला मोठे बेस स्पीकर उभे असतात. त्यांच्या धक्क्याने जाळी आपोआप हलते आणि कोणी हात न लावता टॉम वाजू लागतात. तिथे थ्रेशोल्ड चढवावाच लागतो, घोस्ट नोटचा थोडा बळी द्यावाच लागतो. तशाही त्या गोंगाटात त्या कुणाला ऐकू जाणार नसतात. वसईच्या एका चर्चमध्ये आणि ऑर्केस्ट्रातही वाजवणारे एक ड्रमर माझ्या परिचयाचे आहेत. चर्चच्या दगडी शांततेसाठी एक सेटिंग आणि स्टेजसाठी दुसरी, अशा दोन ते मॉड्यूलमध्ये ठेवतात. त्यांच्या मते स्टेजची सेटिंग घेऊन चर्चमध्ये बसलं तर भक्तिगीतातली सगळी कोवळीक जाते. मी दोन्हीकडे त्यांना ऐकलं आहे आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

पॅडही जुनं होतं. फोमचा शंकू वर्षानुवर्षांच्या माराने बसतो. नव्या पॅडात त्याचं डोकं शेलच्या काठापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर असतं, तेव्हाच जाळी त्याला नीट टेकते. तो खाली गेला की घोस्ट नोट हळूहळू अदृश्य होतात आणि माणूस सेन्सिटिव्हिटी वाढवत नेतो. वाढवता वाढवता आकडा टोकाला पोचला तर समजावं की दोष सेटिंगचा नाही, शंकू बदलायची वेळ झाली. शंकूची किंमत किटच्या मानाने अगदी किरकोळ असते. पिएझोच्या वायरीचा टाकाही तुटतो. तो पुन्हा लावणं कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिराचं पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी भंगारात गेलेली पॅडं पाहिली की वाईट वाटतं.

महागडं किट घेतलं की या सगळ्यातून सुटका, असं वाटत असेल तर तेही पूर्ण खरं नाही. 2016 साली रोलँडने टीडी-50 मॉड्यूलबरोबर पीडी-140डीएस हा चौदा इंची स्नेअर आणला. तो यूएसबीने जोडायचा, आत अनेक सेन्सर, ठोका मध्यावर पडला की कडेला तेही ओळखणारा. क्रॉस स्टिकसाठी जाळीवर टेकलेला तळवाही त्याला कळतो. तबल्याच्या चाटीवर, मैदानावर आणि शाईवर तीन निराळे आवाज काढणाऱ्यांच्या देशात अशा पॅडचं मोल वेगळं सांगायला नको. पण त्यालाही तुमचा हात किती जोराचा हे आधी माहीत नसतं. कारखान्यातली सेटिंग एका सरासरी हातासाठी केलेली असते, आणि असा सरासरी हात असलेला ड्रमर मला तरी अजून भेटलेला नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी मेशचं किट आहे त्यांना विनंती आहे. किट विकायला काढण्याआधी, मुलाच्या हाताला नावं ठेवण्याआधी, एक संध्याकाळ या कामाला द्या. केबल, जाळीचा ताण, पॅडचा प्रकार, सेन्सिटिव्हिटी, थ्रेशोल्ड, आणि बाकीचं गरज पडली तरच. झालेली सेटिंग मॉड्यूलमध्ये सेव्ह करा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा, कारण फॅक्टरी रीसेट एका क्षणात सगळं पुसून टाकतं. आणि किट विकणाऱ्या दुकानदारांना, क्लास चालवणाऱ्या सरांना आणि मॅडमना सांगणं आहे की स्टिक कशी धरायची हे शिकवता, त्याच आठवड्यात ट्रिगरचा मेन्यूही उघडून दाखवा. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने स्वतःचा स्नेअर लावू द्या.